मारुती ८०० चं इंजिन घरी उघडलं, त्याची गोष्ट (पिस्टन-रॉडपुरती)

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. कोल्हापुरात एका पतसंस्थेत अकाउंटला आहे, हातात पेन आणि कॅल्क्युलेटर. गाडी आमच्या वडिलांची, १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. या गाडीचं इंजिन मी २०२३ च्या मे ते ऑगस्टमध्ये घराच्या पार्किंगमध्ये बांधलं, आणि तेव्हा मराठीत कुणी नीट लिहिलेलं काही सापडत नव्हतं म्हणून आता लिहितोय. सगळं इंजिन नाही लिहीत, मुख्य म्हणजे पिस्टन (सिलिंडरात वर-खाली होणारा दट्ट्या) आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला खालच्या क्रँकशी, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी जोडतो तो), कारण झोप त्यानेच उडवली होती.

सुरुवात पीयूसीपासून झाली. १३ मे, शनिवार. आरसीची मुदत २७ ऑगस्टला संपत होती, म्हणजे पुढच्या पाच वर्षांसाठी पासिंग करून घ्यायचं, आणि त्यासाठी पीयूसी चालू पाहिजे. पीयूसीवाल्याने नळी सायलेन्सरात घातली, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, साहेब ही ऑइल जाळतीय. आमच्या जुन्या गाडीला हायड्रोकार्बनची मर्यादा १५०० पीपीएम, आम्ही तिच्याही वर. तसं मलाही माहीत होतं, दर पाचशे किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल घालत होतो आणि सकाळी गाडी चालू केली की शेजारच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या, पण माणूस चालवून घेतो ना.

गॅरेजवाल्याने ३८ हजार सांगितले. वर म्हणाला, भंगारात पंचवीस येतील, द्या की. वडील काही बोलले नाहीत, नुसते घरात निघून गेले. त्यावरून मला कळलं की भंगारचा विषय संपला.

आमच्या गल्लीत तात्या आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, वय ७१. त्यांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कॉम्प्रेशन घेतलंस काय? म्हणजे सिलिंडरात दाब किती तयार होतो ते मोजलंस काय. नव्हतं घेतलं. २१ मेला रविवारी त्यांनी कुठूनतरी गेज आणलं. प्लग काढून तिन्ही सिलिंडरला लावलं, आकडे आले ८, ९ आणि साडेसहा. मग साडेसहाच्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत घेतलं तर १० वर गेलं. ऑइल टाकल्यावर आकडा वर जातो म्हणजे हवा पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या बाजूने गळतेय, ऑइल तिथे तात्पुरतं बूच मारतं. आकडा होता तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. दहा मिनिटांची टेस्ट आहे, इंजिन उघडायच्या आधी कराच, नाहीतर नुसतं हेडचं (व्हॉल्व्ह असतात त्या वरच्या भागाचं) काम करून मोकळे व्हाल आणि धूर तिथेच.

२८ मेला इंजिन काढलं. चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) भाड्याने, दिवसाचे ३००. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं बारकं इंजिन आहे, दोघा-तिघांत आरामात निघतं. काढायच्या आधी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही उपयोगी पडल्या. एक म्हणजे प्रत्येक वायर-पाइपचा मोबाइलवर फोटो. दुसरी म्हणजे ब्लॉकवरचा (सिलिंडरची भोकं असतात त्या मुख्य ठोकळ्यावरचा) इंजिन नंबर ब्रशने साफ करून त्याचाही फोटो, कारण ब्लॉक तोच राहिला तर आरसीत काही बदलावं लागत नाही, पण ब्लॉक बदलला तर नवीन नंबरची नोंद करायचं वेगळं प्रकरण मागे लागतं. मशीन शॉपमध्ये ब्लॉक धुतात, रंगवतात, नंबर बुजतो आणि मग पासिंगच्या वेळी खरवडत बसायचं.

४ जूनला ऑइल पॅन काढून पिस्टन बाहेर काढले. इथे मी पहिली चूक केली. रॉड आणि त्याची कॅप (क्रँकला खालून कवटाळणारा सुटा अर्धा भाग) ही जोडी असते, कारखान्यात दोन्ही एकत्र धरून बोअर केलेली असतात, त्यामुळे एका रॉडची कॅप दुसऱ्याला चालत नाही आणि स्वतःच्याच रॉडला उलटी लावलेलीही चालत नाही. हे वाचलं होतं म्हणून मी मोठ्या हुशारीने परमनंट मार्करने १, २, ३ लिहिलं. संध्याकाळी सगळे रॉड पेट्रोलमध्ये धुतले आणि मार्कर पण धुतला गेला. सहा तुकडे ताटात आणि मी त्यांच्याकडे बघत बसलोय, पोटात गोळा. तात्या आले, एक रॉड उचलून उजेडात धरला आणि अंगठा एका जागी ठेवून म्हणाले, ही काय? रॉडच्या आणि कॅपच्या कडेला सेंटर पंचचे ठिपके होते, एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. मी चहा आणायला वर गेलो होतो तेव्हा त्यांनी मारून ठेवले होते आणि काही बोलले नव्हते. ठिपके मारायचे ते बाहेरच्या कडेला, बेअरिंग बसते त्या बाजूला अजिबात नाही. आणि रॉडवर कंपनीचा एखादा आकडा आधीच असेल तर तो सिलिंडरचाच नंबर असेल असं धरून चालू नका.

जुन्या रिंगांचं काय झालं होतं ते बघायला एक रिंग बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात घालून तिच्या दोन टोकांमधली फट मोजली. फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचं) १ मिमीचं पान सहज गेलं. नव्या रिंगेला ही फट साधारण पाव मिमी असते. माझ्या मुलीने, वय ९, ते बघून विचारलं की मग बाबा एवढ्या भोकातून धूर येत होता? हो गं, एवढ्याच.

१२ जूनला ब्लॉक आणि क्रँक रिक्षात घालून उद्यमनगरला. कोल्हापुरात राहायचा हा एक फायदा, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग सगळं एका चौकाच्या अंतरात. बोअर डायल गेज लावून मिस्त्रींनी मोजलं, तीन नंबरचं भोक वरच्या बाजूला १९० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) झिजलेलं आणि शिवाय ओव्हल. आपला बोअर मूळचा ६८.५० मिमीचा, ०.२५ ओव्हरसाइजमध्ये साफ निघणार नाही म्हणाले, ०.५० लाच जावं लागेल, म्हणजे ६९.००, आणि तिन्ही एकाच साइजचे. मी म्हटलं ठीक, तुम्ही बोअर करा, मी तोवर पिस्टन आणतो. मिस्त्री हसले. आधी पिस्टन आणा, मग बोअर. कारण पिस्टनवर ०.५० छापलेलं असलं तरी प्रत्यक्ष पिस्टन मोजून त्याच्या हिशोबाने भोक करतात, पिस्टन आणि बोअरमध्ये साधारण ४० मायक्रॉन जागा ठेवून. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो, त्याच्या निम्म्याच्या आसपासची गोष्ट आहे ही. पिस्टन मोजायचा पण स्कर्टला, म्हणजे खालच्या भागाला, पिनेच्या काटकोनात, कारण पिस्टन दिसायला गोल असला तरी गोल नसतो, थोडा अंडाकृती आणि वर निमुळता असतो, गरम झाल्यावर गोलाच्या जवळ येतो. हे मला ३७ व्या वर्षी कळलं.

पिस्टन, पिना आणि रिंगांचा सेट ३,९०० ला. बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या मोठ्या टोकाच्या, शेल बेअरिंगी (अर्धगोल पत्र्या) ०.२५ अंडरसाइज, कारण क्रँक तेवढा घासावा लागला, ६५०. मेनच्या बेअरिंगी (क्रँक ब्लॉकमध्ये बसतो तिथल्या) ८००. पॅकिंग सेट १,३५०. बोअरिंग आणि होनिंग तिन्हीचं १,२००, क्रँकचे १,४००. पिस्टन रॉडवर चढवून द्यायचं काम पण शॉपलाच दिलं, ३००. चार दिवस म्हणाले होते, मिळालं २४ जूनला, बारा दिवसांनी, कारण पेरणीचे दिवस आणि आमच्यापुढे ट्रॅक्टरांची रांग. बरोबरच आहे, शेतकऱ्याचं काम आधी.

आता धुणं. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण हे कुणीच सांगत नाही. होनिंग म्हणजे बोअरला आतून बारीक तिरप्या रेघा मारलेल्या असतात, एकमेकींना छेदणाऱ्या, त्यात ऑइल टिकतं. पण त्या रेघांत होनिंगच्या दगडाची भुकटी अडकलेली असते आणि ती पेट्रोलने किंवा डिझेलने निघत नाही, नुसती सारवल्यासारखी पसरते. तात्यांनी बादलीभर कडकडीत पाणी आणि कपडे धुवायची पावडर मागितली. मला वाटलं चेष्टा करतायत. नवीन ब्रश घेऊन तिन्ही भोकं घासली, पाणी काळं, परत घासली, परत काळं. मग पांढरं कापड ऑइलमध्ये बुडवून आतून फिरवायचं आणि कापडाला राखाडी रंग लागला की परत साबण. आमची पाच वेळा झाली. माझा जुना पांढरा बनियन या कामी आला, बायको म्हणाली एवढ्या निगुतीने कधी बेसिन धुतलं असतं तर.

आणि धुतल्या धुतल्या पुसून, वारा मारून, लगेच ऑइल. लगेच म्हणजे लगेच. पावसाळी हवा होती, मी फोन घ्यायला आत गेलो, सात-आठ मिनिटं झाली असतील, येऊन बघतो तर एक नंबरला हलकी तांबूस झाक. गंज. बोटाने निघाली, पण जीव गेला होता माझा. त्यानंतर ब्लॉक ऑइल लावून मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला, रोज रात्री उघडून बघायचो. बायको म्हणे लेकरू पाळण्यात ठेवल्यासारखं करतोय.

२ जुलैला क्रँक बसवला, तो भाग सोडतो. त्याच दिवशी पिस्टन-रॉडचे तिन्ही सेट टेबलवर एका ओळीत मांडले, सगळ्यांचे बाण एकाच दिशेला. पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो, तो क्रँक पुलीकडे, म्हणजे टायमिंग बेल्टच्या बाजूला यायला पाहिजे. आणि रॉडच्या मोठ्या टोकाजवळ ऑइल फवारायचं बारीक छिद्र असतं, ते या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूला. म्हणजे बाण पुलीकडे केला की तिन्ही छिद्रं एकाच बाजूला दिसायला पाहिजेत. एक आणि तीन नंबरची डावीकडे होती. दोनचं उजवीकडे. मी चार वेळा फिरवून बघितलं, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, तात्यांना बोलावलं, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाले, उलटा चढवलाय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी तो सेट घेऊन शॉपला. वाद काही झाला नाही, पोराने घाईत चढवला म्हणाले, अर्ध्या तासात सरळ करून दिला, चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. पण हे मी बघितलं नसतं तर तो तसाच आत गेला असता, कारण उलटा रॉडसुद्धा बसतो हो, अडत नाही कुठे. म्हणून शॉपमधून काहीही आलं तरी घरी टेबलवर मांडून एकदा बघा, कितीही नावाजलेलं शॉप असू दे. जाता जाता किचनच्या वजनकाट्यावर तिन्ही सेट ठेवून बघितले, दोन ग्रॅमच्या आत होते.

रिंगा चढवायच्या आधी प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये घालून फट मोजली. रिंग आत टाकायची आणि उलट्या पिस्टनने वरून हलकं ढकलायची म्हणजे ती तिरकी न राहता सपाट बसते, मग फिलर गेज. बहुतेक ठिकाणी ०.२५ चं पान थोडं घासत जात होतं. एक रिंग ०.१० वर आली, ती बारीक कानशीने घासून वाढवली, एकाच दिशेने, बाहेरून आत, आणि कडेचे बुरे काढून टाकले. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते नाहीतर बोअर ओरबाडते, जास्त राहिली तर थोडा गॅस जातो इतकंच, म्हणून चुकायचंच असेल तर किंचित जास्तीच्या बाजूला चुका.

मग बेअरिंगची जागा, म्हणजे शेल आणि क्रँकमधली फट. त्यासाठी मी ऑनलाइन प्लॅस्टिगेज मागवलं होतं, हिरव्या रंगाची मेणासारखी बारीक सुतळी, ०.०२५ ते ०.०७६ मिमी मोजणारी. शेल आणि क्रँक पूर्ण कोरडे करून त्यावर सुतळीचा तुकडा ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कने, म्हणजे मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने आवळायची, क्रँक अजिबात हलवायचा नाही, परत उघडायची आणि सुतळी किती चपटी झाली ते पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. जितकी रुंद चपटी झाली तितकी जागा कमी. तिन्हीला ०.०३८ च्या आसपास आलं. तात्यांनी ही वस्तू आयुष्यात बघितली नव्हती. पाच मिनिटं पाकीट उलटसुलट करून बघत होते, मग खिशात टाकलं. उरलेलं अजून त्यांच्याकडेच आहे.

टॉर्क रेंच मी २,२०० ला विकत घेतला. यावरून आमचं वाजलं. तात्या म्हणे आमच्या वेळी मनगटच टॉर्क रेंच, हजारो रॉड आवळले, एक सुटला नाही. मी म्हटलं तात्या तुमचं मनगट आहे, माझं अकाउंटंटचं आहे. त्यावर गप्प बसले.

९ जुलै, रविवार. बाहेर धो धो पाऊस, पार्किंगमध्ये दोन बल्ब, वडील प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मॅन्युअलची झेरॉक्स घेऊन बसलेले, ते वाचणार आणि आम्ही करणार असं ठरलेलं. रिंगा चढवायचा क्रम खालून वर. आधी ऑइल रिंग, तिचे तीन तुकडे असतात, मधली नागमोडी पट्टी आणि तिच्या वर-खाली दोन पातळ पत्र्या. मग दुसरी, मग वरची. रिंगेवर टोकापाशी बारीक अक्षर असतं ते वर राहिलं पाहिजे. फटी एका रेषेत आणायच्या नाहीत, वरच्या आणि दुसरीच्या फटी एकमेकींपासून लांब, आणि पिनेच्या रेषेत किंवा पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो त्या बाजूला शक्यतो नको.

शेल बसवताना पाठ कोरडी आणि स्वच्छ, पुढच्या बाजूला ऑइल. हे उलटं करणारे लोक मी नंतर बघितले. पाठीमागे ऑइल किंवा चिंधीचा एक धागा जरी राहिला तरी शेल तिथे उचललं जातं आणि मोजलेली सगळी जागा गेली. शेलला एक छोटी जीभ असते ती खाचेत बसली का बोटाने बघायचं. आणि रॉडच्या बोल्टांना पेट्रोलच्या पाइपाचे दोन-दोन इंचाचे तुकडे घालायचे, टोप्या घातल्यासारखे, नाहीतर आत जाताना बोल्टचा आटा नुकत्या पॉलिश केलेल्या क्रँकवर ओरखडा मारतो. वीस रुपयाच्या पाइपाने चौदाशेचा क्रँक वाचतो.

एक नंबरचा क्रँक खाली आणला. चार सिलिंडरच्या गाडीत एक आणि चार एकदम खाली येतात, आपल्या तीन सिलिंडरमध्ये तसं नाही, प्रत्येकाला क्रँक वेगळा फिरवायचा, एक तृतीयांश फेरा. बोअरला ऑइल, रिंगांना ऑइल, पिस्टन ऑइलमध्ये जवळजवळ आंघोळ घातलेला, रिंग कॉम्प्रेसर (रिंगा दाबून धरणारा पट्टा) आवळला, बाण पुलीकडे, वडिलांनी मोठ्याने विचारलं बाण कुठं?, आम्ही पुलीकडं, हातोड्याच्या लाकडी दांड्याने टक, टक, टक, आणि तो आत सरकला. खाली तात्यांचे हात रॉडला वाट दाखवत होते. पाइपाच्या टोप्या काढल्या, कॅप लावली, ठिपक्याला ठिपका, नट हाताने, मग टॉर्क तीन टप्प्यांत, १०, २०, आणि शेवटी ३०. मॅन्युअलमध्ये २८ ते ३२ न्यूटन मीटर आहे. तुमचं इंजिन वेगळं असेल तर तुमचं मॅन्युअल बघा, हा आकडा उचलू नका. क्रँक एक पूर्ण फेरा हाताने फिरवला, फिरला. रॉडच्या बाजूला फिलर घातला, ०.१५ सरकला. वडील म्हणाले, झालं? एवढंच?

मला चढली. दोन नंबरचा पिस्टन मी एकट्याने लावायला घेतला. टक, टक आणि मग तो थांबला. आवाज बदलला, टक च्या ऐवजी ठक. मी म्हटलं घट्ट आहे, जरा जोरात मारू. दुसरा फटका मारायला दांडा उचलला आणि तात्यांनी माझं मनगट धरलं, धरलं म्हणजे चांगलं दुखेल असं धरलं. “आरं थांबला म्हणजे कायतरी सांगायलाय त्यो. बाहेर काढ.”

बाहेर काढला. ऑइल रिंगची खालची पत्री कॉम्प्रेसरमधून सटकून ब्लॉकच्या कडेवर अडकली होती, आणि पहिल्याच फटक्यात वाकली होती. केसाएवढीच वाकली, पण वाकली. कारण साधं, मी कॉम्प्रेसर ब्लॉकच्या पृष्ठभागाला चारी बाजूंनी टेकवला नव्हता, एका बाजूने किंचित वर होता. अजून एक फटका मारला असता तर पिस्टनच्या खाचेची कड तुटली असती आणि मग पिस्टनचा अख्खा सेट.

एक पत्री सुटी मिळत नाही. तिन्ही पिस्टनचा रिंग सेटच घ्यावा लागतो, १,१५०. आणि ०.५० मध्ये कोल्हापुरात शिल्लक नव्हता, दुकानदाराने पुण्याहून मागवला, शुक्रवारी आला. तो आठवडा वाईट गेला. ऑफिसात व्हाउचर तपासताना हात आपोआप टक टक करायचा, एक नंबर तरी नीट बसलाय का ही शंका, रात्री दोनला उठून पार्किंगमध्ये जाऊन क्रँक फिरवून आलोय मी. वडिलांनी खिडकीतून बघितलं असणार, सकाळी काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, फिरतोय ना?

१६ जुलैला परत. या वेळी नव्या सेटच्या फटी परत मोजल्या (सेट बदलला की मोजमाप परत, कंटाळा करू नका), कॉम्प्रेसर टेकवला, कडेने बोट फिरवून बघितलं, आणि मारताना प्रत्येक फटक्याचा आवाज ऐकला. दोन नंबर गेला. तीन नंबर गेला. प्रत्येकाला किती वेळ लागला असेल, मिनिटभर. तिन्ही बसल्यावर क्रँक फिरवला तर चांगलाच जड. पुलीच्या बोल्टला पान्हा लावून फिरवावा लागत होता आणि माझा चेहरा पडला. तात्यांनी स्वतः पान्हा घेतला, डोळे मिटले आणि सावकाश दोन फेरे फिरवले. म्हणाले, सगळीकडं सारखा जड हाय. नव्या रिंगा हायत, जड लागणारच. एकाच जागी अडला असता, नाहीतर एकेक कॅप आवळली तशी एकदम वाढ झाली असती, तर उघडलं असतं. म्हणूनच प्रत्येक कॅप आवळल्यावर फेरा मारायचा, सगळ्या आवळून मग नाही, म्हणजे गडबड कुठल्या रॉडची ते तिथल्या तिथे कळतं.

मध्येच अधिक महिना लागला. २३ जुलैला सासुरवाडीला धोंड्याचं जेवण, जावई म्हणून पाटावर बसलोय, पुढे ताट, आणि माझी दहाही नखं काळी. साबण, लिंबू, साखर-तेल सगळं घासून झालं होतं. सासूबाईंनी वाण देताना हात बघितले आणि हळूच बायकोला विचारलं, नोकरी आहे ना अजून?

हेड, टायमिंग बेल्ट, पाणी, कार्बोरेटर यात ६ ऑगस्ट उजाडला. चालू करायच्या आधी प्लग काढून ठेवले आणि नुसता स्टार्टर मारला, थोडा थोडा, डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचलं. मग प्लग लावले. तिसऱ्या स्टार्टला धरली. निळा धूर इतका आला की काकूंनी खिडकी लावली, आणि मी पण घाबरलो, पण तो आम्हीच ओतलेल्या ऑइलचा होता, दहा-बारा मिनिटांत विरळ झाला. नवीन रिंगांना उगाच तासभर आयडलिंगवर ठेवू नका, गरम झाली की रस्त्यावर काढा, वेग बदलत राहा, फार दामटू नका आणि पहिलं ऑइल लवकर बदला. मी ५०० किलोमीटरला बदललं, गाळताना चमचमती भुकटी दिसली, तेवढी येतेच म्हणाले तात्या.

कॉम्प्रेशन तिन्हीला साडेबारा. १२ ऑगस्टला त्याच पीयूसीवाल्याकडे गेलो, हायड्रोकार्बन २६०. त्याने दोनदा नळी घातली.

पासिंगचं पण थोडक्यात सांगतो. फॉर्म २५, ऑनलाइन भरला. फी तेव्हा, २०२३ मध्ये, ५,००० होती, एप्रिल २०२२ च्या आधी ६०० होती. वर पर्यावरण कर, पेट्रोल कारला तेव्हा पाच वर्षांचे ३,००० होते. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू. तारीख मिळाली २१ ऑगस्ट, मुदत संपायच्या सहा दिवस आधी, आणि मुदत उलटली की महिन्याला ५०० दंड चालू होतो म्हणून महिनाभर आधी अर्ज टाकायला हवा होता, पण माझ्याकडे महिनाभर आधी गाडी नव्हती, सुटे भाग होते. चासी नंबरचा पेन्सिल छाप मी घरून काढून नेला होता. साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, इंजिन नंबर ताडून बघितला, साफ दिसत होता. लाइट, हॉर्न, वायपर बघितले. इंजिन कुणी बांधलं हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगायला आतून फार आतुर होतो हे कबूल करतो.

एकूण खर्च, हेडचं काम, चेन ब्लॉक, टॉर्क रेंच, दुसरा रिंग सेट सगळं धरून १९,४०० झाला, सरकारी ८,००० वेगळे. तात्यांनी पैसे घेतले नाहीत, दिवाळीला धोतरजोडी घेतली ती ठेवून घेतली.

नवीन आरसी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टाने आली. त्याच सुमारास दुसऱ्या ऑइलचे हजार किलोमीटर झाले होते. तात्यांनी सकाळी सकाळी डिपस्टिक मागितली, पुसली, घातली, काढली, उजेडात तिरपी धरली. ऑइल वरच्या खुणेपासून अगदी थोडं खाली होतं. ते म्हणाले, आता पलीकडच्या गल्लीतली ती पांढरी ओमनी बघ, तिचं इंजिन हेच, आणि ती पण धूर मारतीय. मी म्हटलं तात्या, मार्च एंड होऊ दे.